तात्याचा संप आणि कथेचे घटक

रातपाळी सकाळी सातला सुटते. घरी यायचं, अंगावर दोन तांबे पाणी ओतायचं, भाकरी खायची आणि पडायचं. सहा दिवस हाच नेम. रविवारी मात्र मी झोपेला रजा दिली आणि दहा वाजता साहित्याच्या वर्गात जाऊन बसू लागलो. केसांत रुईचा तूस तसाच.

वर्ग साधाच. इचलकरंजीतल्या एका कॉलेजात, शिक्षण अर्धवट सुटलेल्या लोकांसाठी चालवलेला. आम्ही चौदाजण. एक रिक्षावाला, दोन शिलाईकाम करणाऱ्या बाया, एक अंगणवाडीताई, बाकीचे लूमवाले आणि सूतगिरणीतला मी एकटा. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला : वाङ्मयप्रकार.

मला तो वाचताच येईना. बारावी अर्धी सोडलेला मी. पण सात वर्षं कविता लिहितोय, जयंतीच्या स्टेजवर म्हणतोय, टाळ्या घेतोय. आणि ज्या गावात मी राहतो म्हणून मिरवतो त्या गावाचं नाव मला उच्चारता येत नव्हतं. 'ङ' हे अक्षर शाळेच्या तक्त्यावर बघितलेलं, त्यानंतर आयुष्यात त्याची गाठ पडली नव्हती. कुणी हसलं नाही, कारण बाकीच्या तेराजणांचीही तीच गत होती.

मित्रांनो, त्या वर्गात काय शिकलो, कुठं भांडलो आणि कुठं माझंच चुकलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. आपल्यातले पुष्कळजण लिहितात. 'साहित्यशास्त्र' हा शब्द कानावर आला की आपण एकतर घाबरतो, नाहीतर शिवी घालतो. मी दोन्ही केलंय.

आमच्या रिंगफ्रेम खात्यात नवा पोरगा आला की आधी त्याला मशीनचे भाग दाखवतात. ही चाती. ही बॉबिन. हा ट्रॅव्हलर. इथून रोव्हिंग उतरतं, इथं ओढलं जातं, इथं पीळ बसतो. धागा तुटायला लागला की खोट कुठल्या भागात आहे ते ओळखता आलं पाहिजे. मशीनला लाथ मारून सूत निघत नाही. दुसऱ्या रविवारी मॅडमनी कथेचे घटक लिहून दिले : कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक, भाषा, आशयसूत्र. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, हे तर मशीनचे भागच झाले. इतकी वर्षं मी लाथा मारत होतो.

एक एक भाग त्यांनी उलगडला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यानं १९२७ साली कादंबरीच्या अंगांवर पुस्तक लिहिलं, त्यात गोष्ट आणि कथानक यांतला फरक सांगितलाय. एकामागून एक काय घडलं, ती गोष्ट. कशामुळं काय घडलं, ते कथानक. मी वहीत माझं उदाहरण लिहिलं. 'धागा तुटला आणि मग मुकादम आला', ही गोष्ट. 'धागा तुटला म्हणून मुकादम आला, आणि मुकादम येतोय हे दिसलं म्हणून बाईनं घाईनं पदरानं डोळे पुसले', हे कथानक. मॅडमनी ते वर्गाला वाचून दाखवलं. माझी छाती दोन बोटं फुगली.

त्याच पुस्तकात सपाट पात्र आणि भरीव पात्र असा भेद आहे. सपाट पात्र एका वाक्यात सांगून संपतं. भरीव पात्र आपल्याला चकवतं, आणि तरीही ते खोटं वाटत नाही. पुढच्या रविवारी पिरॅमिड आला. गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली नाटकाच्या रचनेचा त्रिकोण मांडला : सुरुवात, चढ, कळस, उतार, शेवट. फळ्यावरच्या त्या त्रिकोणाशेजारी प्रकारांचे खण आखलेले. कविता, कथा, कादंबरी, नाटक, निबंध, आत्मचरित्र. कथा आखूड, एकाच परिणामाकडे धावणारी. कादंबरी लांबरुंद, पुष्कळ माणसं आणि मोठा काळ पोटात घेणारी. नाटक डोळ्यांपुढं घडणारं. निबंध विचार मांडणारा. मी सगळं उतरवून घेतलं.

चौथ्या रविवारी घरचा अभ्यास मिळाला. आपल्या घरातल्या एका माणसाची कथा लिहून आणा, सगळे घटक दिसले पाहिजेत.

मी तात्याची लिहिली.

तात्या म्हणजे माझा आजा. मुंबईला गिरणीत होता, सूतखात्यात. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. आपली माणसं सूतखात्यातच का असायची, हे नव्या पोरांना कदाचित ठाऊक नसेल. सांचेखात्यात, म्हणजे विणाईला, पगार जास्त. पण तिथं धोट्यातली कांडी बदलताना धागा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. म्हणून सांचेखात्याचं दार आपल्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला होता. तात्या गिरणीत चिकटला तो त्यानंतर तीस वर्षांनी. तरी सूतखात्यातच.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तात्या त्यातलाच एक. वर्ष उलटलं, घरातली भांडी गेली, तेव्हा तो बायकापोरं घेऊन गावी आला. माझा बा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. तात्या दुसऱ्याच्या रानात ऊस तोडायला जाऊ लागला. पण कुणी विचारलं, "तात्या, काय करतोस आता?" की त्याचं उत्तर ठरलेलं : "मी संपावर हाय."

लोक हसायचे. लहानपणी मीही हसलो. पण तात्या कायद्याच्या भाषेतच बोलत होता. तो संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. संप कागदावर तसाच राहिला. दर १८ जानेवारीला तात्या धुतलेला सदरा घालायचा, पत्र्याच्या पेटीतला गिरणीचा पास खिशात ठेवायचा आणि विहाराच्या पायरीवर जाऊन बसायचा. कामाला जायचा नाही. २०११ साली तो गेला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. आमचा अर्ज आहे. नाव अजून लागलेलं नाही. पास पेटीतच आहे.

हे सगळं मी चार पानांत लिहिलं. त्यात एक मुकादम घातला, नवऱ्या मेलेल्या बाईकडूनसुद्धा बदली लावायला पैसे खाणारा, दात विचकणारा, शिवराळ. शेवटची ओळ होती : तात्या गेला, संप चालू आहे. लिहून झाल्यावर मी स्वतःच रडलो. म्हटलं, वीसपैकी वीस.

आले वीसपैकी आठ. लाल शाईनं तीन शेरे. एक : कथेला शेवट नाही, मध्येच सुटली आहे. दोन : मुकादम सपाट आहे. तीन : प्रकार नक्की करा, ही कथा आहे की आठवण?

माझं टाळकं सणकलं. आठ! ज्याच्या तोंडातला धोटा तुम्ही हिसकावून घेतला, त्याच्या नातवाला तुम्ही शेवट मागता? संध्याकाळी विहारात पोरं बसली होती. मी कागद दाखवला. एकजण म्हणाला, "फाडून टाक. हे त्यांचं शास्त्र. आपलं जगणं त्यांच्या त्रिकोणात बसत नाही, बसवायचंही नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते गोड लागलं. तीन रविवार मी वर्गाला गेलो नाही. झोपलो.

पण झोप लागत नव्हती. आठ मार्कांचं दुःख नव्हतं, दुसऱ्या शेऱ्याचं होतं. आत कुठंतरी मला ठाऊक होतं की तो मुकादम मी बघितलेला नाही, ऐकलेलाही नाही. आपल्या पथनाट्यात जो असतो तोच उचलून आणला होता. तिथं आपण मिशी लावतो, इथं मी दात विचकायला लावले.

विहाराच्या कपाटातली पुस्तकं मी काढली ती वर्गाविरुद्ध पुरावा गोळा करायला. आपली माणसं असल्या घटकाबिटकांच्या नादाला लागलीच नाहीत, हे दाखवायचं होतं. घटकांची यादी हातात घेऊन वाचत गेलो, आणि पुरावा उलटाच निघाला.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. एक माणूस, एक खोली, एक लपवलेली गोष्ट. पानोपानी दोरी ताणली जाते. कथेचं एकही अंग ढिलं नाही. बागुलांना कथा हा प्रकार नीट ठाऊक होता, म्हणूनच तो त्यांनी एवढ्या ताकदीनं वापरला.

दया पवारांचं 'बलुतं' आलं १९७८ साली. मी ते आधी दोनदा वाचलं होतं, पण या वेळी पहिल्यांदा विचारलं : इथं निवेदक कोण? दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच. शिकलेला, नोकरीतला, कवी म्हणून नाव झालेला एक, आणि महारवाड्यातून त्याच्या मागं मागं चालत आलेला दुसरा. लाज वाटणारा आणि ज्याची लाज वाटते तो, दोघंही एकाच कातडीत. लेखकानं 'निवेदक' हा भाग उघडला, त्याचे दोन तुकडे केले आणि पुन्हा जोडला. भाग कुठला हे ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही.

मग प्रकारांचा विचार आला. आत्मचरित्र म्हणजे नाव कमावलेल्या माणसानं उतारवयात मागं वळून बघणं, अशी रूढ समजूत. आपल्याकडं 'आठवणींचे पक्षी' १९७९ ला, 'उपरा' १९८० ला, 'अक्करमाशी' १९८४ ला, 'उचल्या' १९८७ ला आलं. लिहिणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, कुणाची तिशीही उलटली नव्हती. आयुष्य पुरं झालेलं नाही, यश म्हणावं असं फार काही हातात नाही, आणि सांगायचं ते एकट्याचं नाही, वस्तीचं. आत्मचरित्राच्या खणात हे मावेना. म्हणून आत्मकथन, स्वकथन असे शब्द रुळले. नवा खण तयार करावा लागला.

अजून मागं गेलो. जोतीरावांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. इतिहास आहे, वाद आहे, पण बराचसा ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात लिहिलेला. खण कुठला? निबंधाचा की नाटकाचा? 'तृतीय रत्न' हे नाटक त्यांनी १८५५ साली लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. त्यातला विदूषक नुसता हसवत नाही, मधे मधे येऊन चाललेल्या फसवणुकीवर बोट ठेवतो. त्याच १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या शाळकरी मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. निबंध म्हणजे विद्वानाचा प्रकार, असं समजलं जाण्याच्या काळात तिनं तो हातात घेतला आणि धर्मालाच प्रश्न विचारला. आणि आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे! शाळा नावापुरती. मुंबईत गिरणीतही राबले. कथा, कादंबरी, पोवाडा, लावणी, लोकनाट्य, रशियाचं प्रवासवर्णन, जे हाताला लागलं ते चालवून दाखवलं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं.

आणि जलसा? गाणं, वग, विनोद आणि भाषण एकाच रात्रीत, एकाच फडात. गावोगावी बाबासाहेबांचा विचार पोहोचवला तो जलशानं. मॅडमच्या फळ्यावर त्याचा खणच नव्हता.

तेव्हा कळलं ते असं. आपल्या माणसांनी खण मोडले, पण अज्ञानानं मोडले नाहीत. सुतार जसं आधी लाकूड वाचतो तसं त्यांनी आधी वाचलं, मग जिथं आपलं ओझं मावेना तिथं फळी काढली. मी न वाचताच लाथ मारली होती.

मग जिथून हे शास्त्र सुरू झालं म्हणतात तिथंही गेलो. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेलं ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र नगरवाचनालयात मिळालं. तो शोकनाट्याचे सहा घटक सांगतो आणि पहिला मान कथानकाला देतो. कामाची गोष्ट आहे. पण त्याच ग्रंथात पात्र चांगलं असावं हे सांगताना तो म्हणतो की चांगुलपणा बाईतही असू शकतो, गुलामातही असू शकतो, मात्र बाई कमी प्रतीची आणि गुलाम तर अगदीच हीन. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं. आपल्याकडच्या संस्कृत नाटकांतही राजा, मंत्री संस्कृत बोलणार आणि बायका, नोकरचाकर बहुतेक प्राकृत. म्हणजे 'भाषा' हा घटक पहिल्यापासून उतरंडीवर बसवलेला.

आता करायचं काय? मशीन मालकाचं आहे म्हणून तात्यानं सूत काढायला शिकायचं सोडलं नाही. मशीन शिकला, आणि तेच मशीन बंद ठेवून संपही केला. ज्याला चालवता येतं त्यालाच बंद करता येतं. शास्त्राचंही तसंच. घटक घ्यायचे, त्यांच्यावरची उतरंड घ्यायची नाही.

शेवटी मी कपाटातलं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं. पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. त्यात 'मी' कमी, 'आम्ही' जास्त. वस्ती बोलते, वस्तीतल्या बाया बोलतात. गावानं केलेला छळ त्या सांगतात आणि घरात नवऱ्यानं, सासूनं केलेला छळही झाकून ठेवत नाहीत. ते वाचून मी माझी चार पानं पुन्हा काढली. त्यात आजीला किती जागा होती? दोन शब्द : आजी रडली.

मुकादमाचा सपाटपणा मॅडमना दिसला. आजीचा त्यांनाही दिसला नाही आणि मलाही नाही.

आजी अजून आहे. ऐंशी पार केलीय. डोळ्यानं कमी दिसतं, आठवण धारदार. रातपाळीवरून आलो, तिच्यापाशी बसलो. म्हटलं, "आजे, संपात तू काय करत होतीस?"

"म्या काय करनार? संप त्याचा, चूल माझी."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? गिरनी बंद झाली, चूल बंद ठेवता येती व्हय? चार घरची धुनीभांडी धरली. सकाळी जायाची ती दुपारला यायची. तुझा आजा सभेला. मी म्हटलं, सभा ऐकून ये, मला बी सांग काय म्हनले. रात्री तो सांगायचा, मी भांडी घासून फुटलेल्या हाताला तेल लावत ऐकायची."

"आनि मुकादम? लई बेकार हुता म्हनं?"

ती जरा वेळ गप्प बसली. "पैसं खायाचा की. तुझ्या आजाला पहिली बदली लावली तवा माझी बुगडी गेली. पर संपात त्यो बी बाहेरच हुता, बाबा. टेसनाबाहेर हातगाडीवर केळी इकत हुता. आमी गावाला निघालो तवा एस्टीच्या भाड्याला धा रुपयं कमी पडत हुतं. त्येनंच दिलं. म्हनला, बुगडीचं वळतं करून घे."

मी वही काढली होती, पण लिहायला हात उचलेना. बुगडी खाणारा आणि त्या बुगडीचा हिशोब आठ-दहा वर्षांहून जास्त काळ मनात ठेवणारा माणूस एकच! हा मुकादम मला सात जन्मात सुचला नसता. त्यानं पैसे खाल्ले हा अन्याय दहा रुपयांनी पुसला गेला नाही. आजीनंही पुसला नाही. पण तो मिशीवाला राक्षस राहिला नाही. व्यवस्था चांगल्या-वाईट अशा साध्या माणसाच्या हातूनच आपलं काम करून घेते, हे मला शंभर भाषणांनी कळलं नव्हतं ते या एका केळीवाल्यानं कळलं.

चौथ्या रविवारी वर्गात गेलो. सुटल्यावर मॅडमपाशी थांबलो. पानं पुढं ठेवली. म्हटलं, "मॅडम, मुकादमाचं तुमचं बरोबर होतं. पण शेवटाचं मला पटलेलं नाही. जो संप अजून कुणी मागे घेतलेला नाही, त्याचा शेवट मी कुठून आणू?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "मागे घेतला नाही? म्हणजे, अधिकृतपणे?"

"नाही घेतला. म्हणूनच तात्या म्हणायचा, मी संपावर आहे."

त्यांनी पानं पुन्हा वाचली. उभ्या उभ्याच. मग म्हणाल्या, "हे तुम्ही कुठं लिहिलंय? तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल असं धरून चाललात. मला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे, आणि शेवटचं पान हरवलं आहे. शेवट उघडा ठेवायचा तर तो उघडा का आहे, हे आधीच्या पानांतून कळायला हवं."

मी गप्प. खरं होतं. ती बातमी मी कथेत सांगितलीच नव्हती. आपल्या माणसांत बसून लिहितो आपण, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. सांचेखातं म्हणजे काय हेही मॅडमना ठाऊक नव्हतं. धोटा, कांडी, तोंडानं धागा ओढणं, हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून सांगितलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. जाताना म्हणाल्या, "त्या त्रिकोणात ही कथा बसणार नाही. मी घाईनं मार्क दिले." मार्क बदलायचे का, असंही विचारलं. मी नको म्हणालो. आठ राहू द्या. तो कागद मला आता पेटीत, पासाशेजारी ठेवायचाय.

तिसऱ्या शेऱ्याचं उत्तर आम्हा दोघांनाही मिळालं नाही. कथा की आठवण? आजीच्या तोंडून लिहायला घेतलंय. लिहिताना ती मधेच ओवीवर जाते, मधेच शिवीवर येते, मधेच हिशोब सांगते. होईल ते होईल. प्रकाराचं नाव पोराच्या बारशासारखं, पोर जन्मल्यावर ठेवता येतं. पण कुठल्या खणाची कुठली फळी मी काढतोय, ते मला आता ठाऊक आहे.

मित्रांनो, आपल्या अंकांत येणाऱ्या कथा मी त्यानंतर पुन्हा वाचल्या, माझ्याही. निम्म्या कथा म्हणजे भाषणाला दिलेली माणसांची नावं आहेत. पाटील दुष्ट, नायक शूर, आई सोशिक, शेवटी मोर्चा. मोर्चा पाहिजेच, पण मोर्चात चालणाऱ्याच्या पायात चप्पल आहे की नाही, ती कुणी घेऊन दिली, आणि तो मोर्चाला आला तेव्हा घरी चूल कुणी पेटवली, हे लिहिल्याशिवाय तो मोर्चा खरा वाटत नाही. आपल्यावर अन्याय झालाय म्हणून आपलं कच्चं लिखाणही चांगलं, असं आपण मानू लागलो तर बागुलांनी आणि अण्णा भाऊंनी घासलेल्या हत्याराला आपणच गंज आणू.

म्हणून मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर घटकांची यादी पुन्हा लिहिलीय, माझ्या भाषेत. कथानक : कशामुळं घडलं, आणि ते कारण कोण लपवतंय? पात्र : ज्याचा मला राग येतो त्याच्या घरी मी एकदा तरी जाऊन आलो का? स्थळकाळ : हे कुठलं खातं, आणि तिथलं दार कुणाला बंद? संघर्ष : बाहेरचा लिहिला, घरातला लिहिला का? निवेदक : मी कुणाच्या तोंडचं काढून घेऊन बोलतोय? भाषा : उतरंडीत कोण कुठं बसलाय? शेवट : झालाय की नाही, आणि नसेल झाला तर वाचणाऱ्याला ते कळलं का?

तुम्हीही लिहून ठेवा. पटलं नाही तर भांडा, पण आधी भाग ओळखायला शिका.

परवा १८ जानेवारी होती. मी रजा टाकली. धुतलेला सदरा घातला, तात्याचा पास खिशात घेतला आणि आजीला हाताला धरून विहाराच्या पायरीवर नेऊन बसवलं. येणारी जाणारी पोरं विचारायला लागली, आजे, आज इथं कशाला?

आजी म्हणाली, "संपावर हाय. पर सांजच्याला घरी नेऊन सोडा, चूल पेटवायचीय."

जयभीम.